मरणोत्तर पदर

सुमनवहिनी गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली पहाटे, फोनवर. पुतण्या प्रशांतचा आवाज होता. "काका, आई गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात न्यायच्या आतच..." आणि पाठोपाठ म्हणाला, "तुमच्याकडं आईचा चांगला फोटो असंल तर पाठवा ना, लगेच." त्या घाईचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण माझ्याकडे फोटो होता, आणि मेल्यावर तोच लावायचा असं वहिनींनी स्वतः सांगून ठेवलं होतं. तो पाठवला, संगमनेरहून मिळेल ती गाडी धरली आणि गावच्या फाट्यावर उतरलो. दुसरी बातमी तिथे उभी होती. माझ्या आधी फ्लेक्स पोचला होता. चहाच्या टपरीच्या वर, हमरस्त्याकडे तोंड करून, वरच्या रांगेत पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, खालच्या रांगेत ‘शोकाकुल’ म्हणून गॉगल लावलेले कार्यकर्ते, आणि मध्ये उरलेल्या जागेत वहिनी. चेहरा माझ्याच फोटोतला होता, डोळे तसेच किलकिले. बाकी त्यांचं काही नव्हतं. अंगावर त्यांच्याकडे कधीच नसलेली जांभळी पैठणी, गळ्यात कुणाची तरी ठुशी, मूळ फोटोतलं दात दाखवणारं हसू मिटवून टाकलेलं, आणि कपाळापर्यंत ओढून घेतलेला भरजरी पदर.

सासरे वारल्यापासून वहिनींनी डोक्यावर पदर घेतला नव्हता. अख्ख्या गावाला जे इतकी वर्षं जमलं नाही ते फ्लेक्सच्या दुकानातल्या एका डिझायनरने सकाळच्या चहाच्या आत करून दाखवलं होतं. मरणोत्तर पुरस्कार मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांतल्या काहींच्या समित्यांवरही होतो. मरणोत्तर पदर पहिल्यांदा पाहिला.

आता महिना उलटून गेला आहे. राग ओसरला की लिहावं असं ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी वहिनींचा धाकटा दीर. हे सांगणं भाग आहे, कारण आमच्या घरात वहिनींना पदरासकट आणि बिनपदराचं, असं दोन्ही तऱ्हांनी पाहायची मुभा त्या नात्याला होती. पदराच्या आमच्याकडे पायऱ्या होत्या. सासऱ्यांपुढे, म्हणजे आमच्या अण्णांपुढे, तो भुवयांपर्यंत. चुलत सासरे, भावकीतली वडीलधारी माणसं, गावातले थोर आणि थोर नसलेले पण वयाने मोठे, यांच्यापुढे कपाळापर्यंत. नवरा चारचौघांत बसला असेल तर त्याच्यापुढेही. धाकट्या दिरापुढे मात्र तो खांद्यावर आला तरी चाले, कारण धाकटा दीर हा पुरुष आहे असं घरातल्या कुणीच धरत नसे. या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खाकरणं. घरातला पुरुष उंबऱ्यावर आला की खाकरायचा, आतली बाई पदर सावरायची, आणि तिचा पदर डोक्यावर येईल एवढा वेळ थांबून तो आत यायचा. अण्णांचं खाकरणं ओसरीपासून माजघरापर्यंत पोचायचं. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ते लग्नाआधीच शिकून घेतलं होतं. शेताची कामं तो बऱ्याच नंतर शिकला.

वहिनी सुप्याकडच्या. आज तिथे कारखाने आहेत, तेव्हा माळ होता. त्यांची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिचा पदर डोक्याला गुंडाळलेला असे तो उन्हासाठी, आणि कामाला लागली की कमरेला खोचलेला. लग्नानंतर काही महिन्यांनी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आमच्याकडं पदर कामाचा हुता. हितं पदर हेच काम हाय." मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत असलं वाक्य मला सापडलं नव्हतं. पुढे मी तोच विषय शिकवू लागलो, तेव्हा पदराचा इतिहास शोधायची हौस केली. एका व्याख्यानमालेत एका विद्वानाने तो परकी आक्रमणांमुळे आला असं छातीठोकपणे सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर दुसऱ्या विद्वानाने तो अनादी काळापासून आपलाच आहे असं तितक्याच जोरात सांगितलं. दोघांनाही शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि टाळ्या वाजवणारे लोक बरेचसे तेच होते. मला स्वतःला दिसलं ते एवढंच : आमच्या भागात ज्या घरची जमीन वाढली त्या घरच्या बाईचा पदर खाली आला. विहिरीला पाणी लागलं, ऊस उभा राहिला, की घरातली बाई शेतातून घरात येते आणि तिच्या डोक्यावर पदर येतो. ट्रॅक्टर त्यानंतर. आमच्या आजीची आई डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जायची, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. हॉलमध्ये अण्णांच्या फेट्यातल्या फोटोशेजारी आईचा फोटो आहे, त्यात तिचं नाक आणि पदर एवढंच नीट दिसतं. या घराची परंपरा तिथून सुरू होते. त्याआधी पाटी होती.

मग सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. दादाने पुष्कळ वर्षं त्या खुर्चीची तयारी केली होती, आणि नेमकी ऐन वेळी ती बाईची झाली. त्याने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी फोटोग्राफरला घरी बोलावलं. पत्रकासाठी काढलेल्या त्या फोटोत पदर एवढा पुढे ओढला होता की मतदारांनी कुणाला मत दिलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं. ते दादाच्या सोयीचंच होतं. वहिनी निवडून आल्या आणि दादा सरपंच झाला. ग्रामपंचायतीत त्यांच्या शेजारी तो खुर्ची टाकून बसायचा, बोलायचं ते बोलायचा, आणि त्या सही करायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणाल्या, "पदराआड लई सोय असती भाऊजी. मागच्या सभेत साहेब पाऊण तास बोललं. मी निम्मा वेळ झोपले आन् निम्मा वेळ लिमलेटची गोळी चघळली. तुमच्या दादाला वाटलं, मी मान हलवून व्हय म्हणतेय."

त्यांच्या कारकिर्दीतच अण्णा गेले. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुपारी दादा नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरला. वहिनी पातेली पुसत बसल्या होत्या. पदर खांद्यावर. दादा थांबला, पुन्हा खाकरला. मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "या. मी हाय तशी हाय." दादाने विचारलं, हे काय. त्यावर त्यांचं उत्तर असं होतं की, पदर मामंजींसाठी घेत होते, ते गेले, आता कुणासाठी घेऊ? त्यांच्या आवाजात बंड वगैरे काही नव्हतं. एखादा माणूस गावाला गेला की त्याचं दूध बंद करावं, तसा हिशेब होता. दादा म्हणाला, "लोकं काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या, "लोकं काय माझं सासरं हायेत?" ...या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर लोकांनी आपण कोण हे आधी ठरवायला हवं होतं. ते अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर ग्रामसभा आली. सुट्टी होती म्हणून मी गावात होतो आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होतो. एरवी कोरमही भरत नाही, त्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं होतं. वहिनी टेबलामागे बसल्या, डोकं उघडं, केस तेल लावून चापून बसवलेले. पहिला विषय वाचायच्या आधीच नामदेवतात्या उठले. हे आमच्या भावकीतले, गावच्या रीतिरिवाजांचा मक्ता घेतलेले. म्हणाले, "बाई, आधी डोक्यावर पदर घ्या, मंग सभा चालू करा." चार-पाच जणांनी माना हलवल्या. वहिनींनी शेजारी बसलेल्या ग्रामसेवकाला विचारलं, "भाऊसाहेब, ह्यो इषय पत्रिकेवर हाय का?"

"नाही मॅडम."

"मंग ऐनवेळच्या विषयांत घेऊ. बसा तात्या."

आणि सभा सुरू झाली. गटार झालं, पाण्याची टाकी झाली, दिवाबत्ती झाली, स्मशानभूमीच्या शेडवरून नेहमीचं भांडण झालं. लोक कशासाठी आले होते ते सगळ्यांना माहीत असल्याने कुणीही उठून गेलं नाही. पत्रिका संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "हां तात्या, आता तुमचा. लिहा भाऊसाहेब, सरपंचांनी डोक्यावर पदर घ्यावा असा ठराव. सूचक कोण?" तात्या इकडेतिकडे पाहू लागले. "माझं एकट्याचं कशाला," ते म्हणाले, "गावाचं म्हना." वहिनी म्हणाल्या, "सूचकाला नाव लागतंय तात्या. ठरावाची नक्कल पंचायत समितीत जाती. तिथलं सायब इचारतील, हा पदराचा ठराव मांडणारा गडी कोण?" तात्या बसले. "अनुमोदक?" पटांगणात कुणीतरी खोकलं. "सूचक न्हाई, अनुमोदक न्हाई. विषय निकाली. चहा घेऊन जा सगळ्यांनी." सबंध गावाची रीत होती ती, आणि तिच्याखाली नाव लिहायला गावात एक माणूस निघाला नाही. रूढी म्हणजे काय हे मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. त्या दुपारी मला ते समजलं.

याची किंमत त्यांनी दिली, आणि ती किंमत ठरवणाऱ्यांत दादा होता. पुढच्या खेपेला पद सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा तो स्वतः उभा राहिला. त्यानंतर ते पुन्हा महिलांसाठी आलं तेव्हा वहिनींचं नाव पॅनेलमध्ये नव्हतं. "बाईचं काम चांगलं हाय, पण प्रतिमा बसत न्हाई," असं त्यांना पक्षाच्या बैठकीतून कळवण्यात आलं. निरोप घेऊन आलेला माणूस दारात खाकरूनच आत आला होता. पुढे एका महिला मेळाव्यात त्यांना माजी सरपंच म्हणून व्यासपीठावर बसवलं. तिथे पक्षाच्या साहेबांनी माय-भगिनींच्या डोक्यावरच्या कधीही न ढळणाऱ्या पदराला वंदन केलं, आणि त्यांच्या डाव्या हाताला वहिनी उघड्या डोक्याने ताक पीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो डावीकडून कापलेला.

दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नव्हते. आमच्या कॉलेजात महिला दिनाला त्यांना बोलावलं आणि पत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘पदरमुक्तीच्या लढ्यातील अग्रणी’ असं छापलं. हे मी छापलं नव्हतं, पण थांबवूही शकलो नाही. वहिनी माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लढाई कसली? सासरे वारले." आणि येऊन खाली बसल्या. सूत्रसंचालिकेने ‘किती मोठा आशय किती कमी शब्दांत’ असं म्हणून वेळ मारून नेली. त्या दुपारी त्या माझ्या घरी जेवायला होत्या, आणि आमच्या कॉलेजातल्या रूथमॅडमही होत्या. रूथमॅडमचं घर नगरचं, तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांची आजी आणि आई चर्चमध्ये प्रार्थनेला डोक्यावर पदर घेत, आणि त्याही घेतात. वहिनींना हे नवीन होतं. "तुमच्यातबी पदर? कुणापुढं?" त्यांनी विचारलं. "देवापुढे," रूथमॅडम म्हणाल्या. वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडत जरा विचार केला. "मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "देव खाकरत तरी न्हाई."

त्यांना मी संत करून ठेवणार नाही. ते काम फ्लेक्सवाल्यांकडे आहे. वहिनी जिभेने तिखट होत्या, हाताने आखडत्या होत्या, आणि शेतावर येणाऱ्या मजूर बायांना ओसरीवर बसू द्यायच्या नाहीत. अंगणातल्या फरशीवर त्यांना कपबशी वेगळी असे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यावरून आमचं भांडणही झालं आहे. "तुमच्या कॉलेजात शिकवा ते," एवढंच म्हणाल्या. मत त्यांनी आयुष्यभर दादा सांगेल तिथेच दिलं. पदर ही एकच गोष्ट त्यांनी स्वतःची म्हणून ठरवली, आणि ती ठरवताना कुणाचीही परवानगी घेतली नाही, कुणाला उपदेशही केला नाही. त्या एका गोष्टीत त्या जेवढ्या सरळ होत्या तेवढा सरळ मी कशातच नाही.

त्यांचा हात मात्र त्यांच्या डोक्याइतका मोकळा झाला नव्हता. दादा खाकरला की त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर जायचा. तिथे त्याला आठवायचं, आणि मग तो उगाच कानामागची बट सारायचा किंवा मंगळसूत्र सरळ करायचा. शेवटपर्यंत. मी एकदा ते दाखवून दिलं, तर हसून म्हणाल्या, "डोक्याला कळलंय. हाताला कुठं शाळा हाय?"

फोटो गेल्या हिवाळ्यातला. डोळ्याच्या तपासणीसाठी संगमनेरला आल्या होत्या. आमच्या गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या, वारा सुटला होता, पांढरे केस उडत होते, आणि खालच्या रस्त्यावरून एक नेता उघड्या जीपमधून हात जोडत चालला होता. जीपपुढे एक गाय उभी राहिली आणि हटेना. नेत्याने गाईलाही हात जोडले. वहिनी खदखदून हसल्या तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढला. डोळे उन्हाने किलकिले, सगळे दात दिसताहेत, एक नाहीये तोही दिसतो आहे. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "ह्यो माझा फोटो. मेल्यावर ह्योच लावा. हॉलमधी, सासूबाईंच्या शेजारी." मी म्हटलं, दादाला चालेल का? "खाकरतील," त्या म्हणाल्या, "आन् गप बसतील."

दशक्रियेला नदीवर दोन मांडव होते, एक विधीचा आणि एक भाषणांचा. मोठा कोणता हे सांगायला नको. दोन्ही मांडवांत तोच फ्लेक्स होता. पुणतांब्याकडून आलेले पाहुणे आपसात काही बोलत होते. मी जवळ गेलो तर त्यांतले एक गृहस्थ जरा संकोचाने म्हणाले, "सर, राग नका मानू, पण आमच्या फाट्यावर एका म्हातारीचा वर्षश्राद्धाचा फ्लेक्स लागलाय. तीच पैठणी, तीच ठुशी, त्योच पदर. निस्तं तोंड येगळं." नंतर मी चौकशी केली. फ्लेक्सच्या दुकानांत अशा बाया तयार ठेवलेल्या असतात. पैठणीतली, पदर घेतलेली, हात जोडलेली, मानेच्या वर रिकामी. घरच्यांनी फक्त चेहरा आणून द्यायचा. पुरुषांसाठी जाकिटातला आणि फेट्यातला असे दोन नमुने मिळतात. आमच्या जिल्ह्यातल्या किती गेलेल्या बाया त्या एका पदराखाली नांदत असतील कोण जाणे.

पिंडाला कावळा शिवेना. मग रिवाजाप्रमाणे इच्छा विचारणं सुरू झालं. कुणी म्हणालं, नातवाचं शिक्षण पुरं करू. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. एक कार्यकर्ता पुढे होऊन म्हणाला, "ताई, सूनबाईंना झेडपीवर पाठवू, शब्द हाय." कावळे हलले नाहीत. त्यांना मतदान नसतं. कुणीतरी मला ढोसलं, "सर, तुमी बोला, तुमच्यापाशी काय तरी बोलल्या असतील." मी म्हटलं, बोलल्या होत्या, पण ते कावळ्याला नाही, प्रशांतला सांगायचं आहे. प्रशांत मोबाइलवर होता. साहेबांची गाडी कुठवर आली ते विचारत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरी वस्तू ऐकत नसेल तर बनवून घ्यायची, हे त्या दिवसाच्या एकूण कार्यक्रमाला धरूनच होतं.

साहेब आले. बोलले. "ताईंच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि त्यांच्या मनातला सेवाभावही कधी ढळला नाही." समोर, ज्या गावाने ती ग्रामसभा पाहिली होती ते अख्खं गाव मांडी घालून बसलं होतं. कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी नामदेवतात्या होते, आता पुष्कळ थकलेले. मी हळूच म्हटलं, "तात्या, तुम्हीच ना त्या सभेत उठला होतात?" तात्या माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची माया होती. "व्हय," ते म्हणाले, "पर मेल्या मानसाचं वंगाळ कशाला बोलायचं?" ...म्हणजे हे असं होतं. त्यांच्या दृष्टीने गावाने वहिनींना क्षमा केली होती. त्यांचा उघडा माथा हा एक कलंक होता आणि लोकांनी मोठ्या मनाने तो झाकून दिला होता. ढोंग्यांशी भांडता येतं. क्षमा करणाऱ्यांशी कसं भांडायचं?

आभार मानायला घरातला म्हणून मला बोलावलं. मी माईक घेतला आणि म्हटलं की या फोटोतल्या बाईंना मी ओळखत नाही. आमच्या वहिनी अण्णा वारल्यापासून डोक्यावर पदर घेत नव्हत्या, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्यांनी स्वतःचा फोटो... एवढ्यात निवेदकाने अत्यंत हळुवारपणे माझ्या हातातून माईक काढून घेतला. "काकांना भावना अनावर झाल्या आहेत," तो म्हणाला. "आपण सारे उभे राहून श्रद्धांजली वाहू." लोक उभे राहिले. दोघांनी मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. पुष्कळ भाषणं दिली आयुष्यात, पण इतक्या सन्मानाने कुणी मला गप्प केलं नव्हतं.

प्रशांत नंतर माझ्याजवळ येऊन बसला. तो वाईट मुलगा नाही, आणि आईवर त्याचा जीव होता. म्हणाला, "काका, मला काय कळत न्हाई का? पण पुढं निवडणूक हाय. मयुरीचं नाव चाललंय. लोकांना आईचा वारसा दाखवायचा तर तो दिसायला तर पाहिजे." मयुरी त्याची बायको. औषधशास्त्र शिकलेली, माहेरी स्कूटर चालवणारी. मी आत गेलो तर ती स्वयंपाकघरात एकटीच ओट्याला टेकून उभी होती. डोक्यावर पदर होता आणि दोन्ही कानांवर पिना टोचलेल्या. माझ्याकडे पाहून म्हणाली, "जीपमध्ये वाऱ्याने उडतो, म्हणून कार्यकर्त्यांनी पिना लावायला सांगितल्यात." मग म्हणाली, "आई मला कधीच काही बोलल्या नाहीत, काका. घे म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, पदर घे न्हाईतर नको घेऊ, पण पिन लावू नको. पिनेचा पदर काढायला दोन हात लागतात." बाहेरून कुणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

वहिनींचा खरा फोटो मी संगमनेरला मोठा करून घेतला, साध्या लाकडी चौकटीत बसवला, आणि मासिक श्राद्धाला घेऊन गेलो. हॉलमध्ये आमच्या आईच्या शेजारची जागा भरलेली होती. तिथे पैठणीतल्या बाई लागल्या होत्या, भोवती बारीक दिव्यांची माळ. प्रशांतने माझी चौकट हातात घेतली, आईचं हसू पाहून त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "आत लावू काका. हॉलमध्ये लोकं येतात." मी दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहत होता. मी भांडलो, पण भांडण कसलं, माझ्याच घरात मी पाहुणा. शेवटी फोटो स्वयंपाकघरात गेला, ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, पिठाच्या डब्यांच्या वर. हॉल मतदारांचा, स्वयंपाकघर वहिनींचं. म्हणजे पुन्हा जिथे सुरुवात झाली तिथेच. मी हा पराभव मानतो, आणि त्याला दुसरं गोड नाव द्यायची मला गरज वाटत नाही.

दुपारी सगळे प्रचाराच्या बैठकीला गेले. घरात दादा आणि मी. मी स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या पाटावर बसून पाणी पीत होतो. मी तिथे आहे हे दादाला ठाऊक नसावं. त्याची काठी वाजत आली आणि दाराशी थांबली. तो खाकरला.

ओट्याजवळ कुणी नव्हतं. भिंतीवर वहिनी उडत्या केसांनी, सगळे दात दाखवून त्या गाईला हसत होत्या. गेली कितीतरी वर्षं या दारात खाकरल्यावर आत पदर सावरला जात नव्हता, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, खाली पाहत, पदर डोक्यावर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. हे तो आदराने करत होता की अजून वाट पाहत होता, ते मी विचारलं नाही. मग तो आत आला आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायला.